मोठ्या आतड्याचा कॅन्सर: तपासणी कधी करायची, कशी करायची आणि तयारीत काय चुकतं

पुण्यात कुठल्याही पेठेतून चक्कर मारा, 'मूळव्याध, फिशर, भगंदर' असा एखादा बोर्ड दिसल्याशिवाय राहत नाही. तिथले उपचार बरे की वाईट, तो वेगळा विषय. अडचण अशी की संडासवाटे रक्त गेलं की माणूस आधी तिथेच जातो. मलम घेतो, त्रिफळा चूर्ण सुरू करतो, आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबतं आणि विषय संपतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच थांबून थांबून रक्त देतो. शिवाय मूळव्याध खरोखर असली तरी वर आतड्यात दुसरं काही नाही, असं त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. रक्त लालभडक आहे की काळपट, थेंब थेंब पडतं की मळात मिसळलेलं आहे, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, पण घरच्या घरी त्या अंदाजावर निर्णय घेऊ नये.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या अस्तराला लहान मांसल कोंब फुटतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बरेचसे पॉलिप निरुपद्रवी राहतात. अ‍ॅडिनोमा जातीचे काही मात्र वाढत जातात आणि त्यांचा कॅन्सर होतो. या प्रवासाला साधारण दहा वर्षं लागतात. एवढ्या काळात दुर्बिणीतून तो पॉलिप काढून टाकला, की तिथला कॅन्सर व्हायचाच टळतो. अशी सोय फार थोड्या कॅन्सरमध्ये आहे. आणि कॅन्सर झालाच असेल, तरी तो कधी सापडतो यावर पुढचं सगळं ठरतं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग आतड्यापुरता असताना सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 90 टक्के पाच वर्षांनंतर हयात असतात. यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचल्यावर सापडला, तर हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास येतं.

कुणी, कोणत्या वयात

भारतात सरकारी पातळीवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी होते. मोठ्या आतड्यासाठी असा कार्यक्रम नाही, त्यामुळे कुणी बोलावणं पाठवेल याची वाट पाहू नका. अमेरिकेत पूर्वी 50व्या वर्षी तपासणी सुरू करत असत, 2021 मध्ये तिथल्या तज्ज्ञ मंडळाने हे वय 45 वर आणलं. आपल्याकडे या रोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, म्हणून धडधाकट माणसाने 45 पूर्ण होताच कोलोनोस्कोपीच (गुदद्वारातून दुर्बीण घालून पूर्ण मोठं आतडं पाहणं) केली पाहिजे असं आमचं म्हणणं नाही. पण दरवर्षी मळाची 'फिट' तपासणी, म्हणजे मळातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी, करायला काहीच हरकत नाही. ती स्वस्त आहे आणि घरी नमुना घेऊन होते.

पुढे सांगितलेल्या लोकांनी मात्र फिटवर थांबू नये, थेट कोलोनोस्कोपीच करावी. आई, वडील, सख्खा भाऊ-बहीण किंवा मुलगा-मुलगी यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या 40व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा) असलेल्यांनी आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी. आणि लक्षणं असतील तर वय कितीही असो. तिशीतल्या माणसाला 'या वयात कसला कॅन्सर' म्हणून परत पाठवलं जातं, तिथेच घात होतो.

लक्षणं म्हणजे: मळातून रक्त. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला सवयीतला बदल, मग ते जुलाब असोत, बद्धकोष्ठता असो किंवा दोन्ही आलटून-पालटून. जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं. कारण नसताना घटलेलं वजन. एक लक्षण सर्रास दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे लोह कमी झाल्याचा अ‍ॅनिमिया. आतड्याच्या उजव्या भागातली गाठ रोज थोडं थोडं रक्त गमावते, डोळ्यांना काही दिसत नाही, पोटही दुखत नाही. पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली किंवा पाळी थांबलेल्या बाईचं 12 च्या खाली असेल आणि फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) कमी असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं.

दोन गोष्टींवर विसंबू नका. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ आतड्याचं अस्तर ठीक आहे असा होत नाही, कारण सोनोग्राफीत ते नीट दिसतच नाही. आणि 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये घुसडलेली सीईए ही रक्ततपासणी कॅन्सर शोधायच्या कामाची नाही. लवकरच्या अवस्थेत ती बऱ्याचदा नॉर्मल असते आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये उगाचच वाढलेली दिसते. तिचा उपयोग निदान झाल्यानंतर आहे.

फिट: नमुना घेताना

लॅबमध्ये 'स्टूल ऑकल्ट ब्लड' सांगितलं तर कधी जुनी रासायनिक तपासणी होते, कधी फिट. आधी विचारून घ्या. जुन्या तपासणीत मटण आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी निकाल बिघडतो. फिट फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडते, म्हणून तिला पथ्य नाही.

नमुना कमोडच्या पाण्यात पडू देऊ नका, त्यात लघवीही मिसळू देऊ नका. सीटखाली प्लास्टिकचा कागद सैलसर ताणा किंवा भारतीय पद्धतीच्या संडासात कागदी थाळी ठेवा. नळीच्या झाकणाला असलेली काडी मळात पाच-सहा वेगवेगळ्या जागी टोचा. काडीच्या खाचा भरल्या की बस. जास्त घेतल्याने तपासणी जास्त चांगली होत नाही, उलट बिघडते. नळी त्याच दिवशी लॅबला द्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एप्रिल-मेच्या दुपारी ती नळी स्कूटरच्या डिकीत ठेवून चार कामं करत फिरलात, तर उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि रक्त असूनही निकाल निगेटिव्ह येतो. पाळी चालू असताना किंवा लघवीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नये.

एका वेळी केलेली फिट साधारण चारातले तीन कॅन्सर पकडते, पॉलिप त्याहून बरेच कमी. म्हणूनच ती दरवर्षी करायची. पॉझिटिव्ह आली तर 'पुन्हा एकदा करून बघू' हा मोह टाळा. दुसरी निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. पॉझिटिव्हनंतर कोलोनोस्कोपीच.

कोलोनोस्कोपीची तयारी

तपासणीची भीती सगळ्यांना वाटते, पण तपासणीत तुम्ही झोपलेले असता. खरं काम आदल्या दिवसाचं आहे आणि ते तुमच्या हातात आहे. आतडं अर्धवट साफ असेल तर सपाट पॉलिप मळाच्या थराखाली लपतात, डॉक्टर तपासणी अर्धवट सोडतात किंवा सहा महिन्यांनी परत बोलावतात. म्हणजे पैसे गेले, जुलाब झाले आणि हाती काही नाही.

तारीख घेतानाच सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, एपिक्झाबान वगैरे) किती दिवस आणि थांबवायच्या की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे, विशेषतः स्टेंट असेल तर. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही बंद. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. इन्सुलिन आणि बाकीच्या गोळ्यांचा डोस उपवासाच्या दिवसासाठी लिहून घ्या. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेही सांगा.

तीन दिवस आधीपासून चोथा कमी करायचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, उसळी, कोशिंबीर, पेरू, डाळिंब, अंजीर, तीळ, शेंगदाणे, खोबरं, फोडणीतली मोहरी हे सगळं बाजूला. पेरूची एक बी दुर्बिणीच्या शोषणनळीत अडकली की तपासणी तिथेच खोळंबते. चालतं ते: मऊ भात, मूगडाळीचं गाळलेलं वरण, इडली, साधा पांढरा ब्रेड, सोललेला उकडलेला बटाटा, दही, ताक, अंडं, मासे.

इथे पुण्यात हमखास होणारी चूक म्हणजे 'हलकं खा' म्हटल्यावर लोक उपासाचं खातात. साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी, खजूर. हलकं यातलं काहीही नाही. एकादशी तयारीच्या दिवसांत येत असेल तर तारीखच बदला.

आदल्या दिवशी सकाळी हलका नाश्ता, दुपारनंतर फक्त गाळलेले, आरपार दिसणारे पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा, भाताच्या पेजेचं निवळ, वरणावरचं पाणी. लाल-जांभळ्या रंगाचं काहीही नको. कोकम सरबत, सोलकढी, बिटाचा रस आतड्यात रक्तासारखा दिसतो. तुमच्या हॉस्पिटलच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

आता औषध. सर्वाधिक वापरली जाणारी पावडर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची असते, एक मोठं पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवायचं. फॉस्फेटचं छोट्या बाटलीतलं औषध प्यायला सोपं वाटतं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, वृद्धांनी आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते टाळावं, कारण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

समजा तपासणी सकाळी अकराला आहे. आदल्या संध्याकाळी सातला पहिला लिटर सुरू करा. दर पंधरा मिनिटांनी 250 मिली, म्हणजे एक मोठा पेला, तासाभरात संपतो. उरलेला लिटर पहाटे पाचला, सव्वासहापर्यंत संपवायचा. त्यानंतर थोडं साधं पाणी चालतं, पण तपासणीच्या किती तास आधी थांबायचं ते भूल देणारे डॉक्टर सांगतील तसं. पहाटे उठायचा कंटाळा म्हणून दोन्ही लिटर रात्रीच संपवणारे बरेच असतात. रात्रभरात लहान आतड्यातून पित्ताचा चिकट थर खाली उतरतो आणि बरोबर उजव्या बाजूला साचतो. तोच भाग पाहणं आधीच अवघड असतं. दुसरा डोस पहाटेचाच हवा.

चव खारट-गुळचट असते. फ्रिजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या, मध्ये लिंबाची फोड चोखा. मळमळलं तर अर्धा तास थांबा, खोलीत चाला, मग हळू सुरू करा. पहिला जुलाब व्हायला तास-दीड तास लागू शकतो, तेवढ्याने घाबरू नका. पण पोट टम्म फुगलं, वायू सरणं बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या, तर पुढचा घोट घेऊ नका आणि लगेच हॉस्पिटल गाठा. आतड्यात अडथळा असला तर असं होतं आणि वर आणखी औषध ओतणं धोक्याचं असतं.

व्यवहाराच्या काही गोष्टी. महापालिका दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते. तयारीचा दिवस गुरुवार येत असेल तर पिंप भरून ठेवा. गुदद्वाराभोवती सुरुवातीपासूनच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, कागदाने घासू नका, पाण्याने धुवा. वयस्कर माणसाला रात्री एकटं ठेवू नका. संडासाच्या वाटेवर दिवा चालू, फरशी कोरडी. चक्कर येऊन पडणं हा या रात्रीचा खरा धोका आहे.

झालं की नाही ते रंगावरून कळतं. शेवटी फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी पडायला हवं. सकाळीही तपकिरी, गढूळ किंवा कण असलेलं पडत असेल तर घरातून निघण्याआधी एंडोस्कोपी विभागाला फोन करा, जादा डोस देता येतो. ज्यांना नेहमीच बद्धकोष्ठता आहे, रोज चूर्ण घेतल्याशिवाय होत नाही, त्यांनी हे तारीख घेतानाच सांगावं. त्यांना दोन लिटर पुरत नाहीत.

तपासणीचा दिवस

डाव्या कुशीवर झोपवून, झोपेचं औषध देऊन, वीस ते चाळीस मिनिटांत काम होतं. सोबत कुणीतरी हवंच. त्या दिवशी दुचाकी चालवायची नाही, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. खर्च विचारताना 'कोलोनोस्कोपीचे किती' एवढंच विचारू नका. भूल, पॉलिप निघाल्यास तो काढणं, आणि त्याची बायोप्सी हे धरून की सोडून, ते विचारा. पावती वाढते ती तिथे.

नंतर पोटात वायू राहतो, चालल्याने सुटतो. आतड्याला भोक पडणं साधारण हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना होतं. पोटात असह्य दुखणं, ताप, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडल्या तर वाट पाहू नका. मोठा पॉलिप काढला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा लगेच कोकणात आडगावी जायचा बेत नको.

रिपोर्ट कसा वाचायचा

'नॉर्मल स्टडी' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे आतड्याच्या उजव्या टोकापर्यंत पोहोचली का आणि त्याचा फोटो आहे का, ते पाहा. सफाईचा गुण लिहिलेला असतो. बोस्टन मोजपट्टीवर आतड्याच्या तीन भागांना 0 ते 3 गुण देतात, प्रत्येक भागाला किमान 2 हवेत. दुर्बीण बाहेर काढताना किमान 6 मिनिटं निरखलेलं असावं. पॉलिप असतील तर किती, कुठे, किती मिलिमीटरचे, अख्खे निघाले की तुकड्यांत. सिग्मॉइडोस्कोपी झाली असेल तर लक्षात ठेवा, तीत फक्त डावा भाग दिसतो.

पुढची तारीख बायोप्सी आल्यावर ठरते. सगळं नॉर्मल आणि सफाई चांगली असेल तर दहा वर्षांनी. 10 मिमीपेक्षा लहान एक-दोन साधे अ‍ॅडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी. तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षांनी. पाच ते दहा असतील, किंवा एखादा 10 मिमी वा मोठा असेल, तर तीन वर्षांनी. 20 मिमीचा किंवा मोठा पॉलिप तुकड्यांत काढला असेल तर सहा महिन्यांत तीच जागा पुन्हा बघावी लागते. घरच्या इतिहासाने हे अंतर आणखी कमी होऊ शकतं.

कॅन्सर निघाला तर

छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन, सीईए, आणि गाठ गुदाशयात असेल तर ओटीपोटाचं एमआरआय, एवढं झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. गुदाशयाच्या गाठीला बऱ्याचदा आधी रेडिएशन-केमो आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम असतो. थेट कापलं तर ती संधी जाते. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये किमान 12 लसिकाग्रंथी तपासलेल्या असाव्यात. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड्स (त्याच्या काचपट्ट्या) मागून घ्या. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं तर तिथे त्या लागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल दाखवून परतावा मिळत नाही. म्हणून भरती होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा आणि हॉस्पिटल याच उपचारासाठी योजनेत आहे ना, ते विचारा.

ऑपरेशनमध्ये आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढून मळासाठी पिशवी लागणार असेल तर त्या जागेची खूण ऑपरेशनच्या आधी, बसवून आणि उभं करून घ्यायला सांगा. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे बसतो, तिथे तोंड आलं की रोजचा त्रास. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं कापा, जास्त झालं की उघडी कातडी मळाने सोलवटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, जड होऊन ती चकती ओढते.

केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध असेल तर गार वस्तूंनी हातापायांना मुंग्या आणि घशात आवळल्यासारखं होतं. फ्रिज उघडताना हातमोजे, प्यायला कोमट पाणी. 100.4 फॅरनहाइट ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

उपचार संपल्यावर

रोग परत येतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून पहिली दोन वर्षं डॉक्टरांची भेट आणि सीईए दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सीटी स्कॅन डॉक्टर सांगतील तसा, बहुधा सहा ते बारा महिन्यांनी. कोलोनोस्कोपी एक वर्षाने, मग तीन वर्षांनी, मग पाच. गाठीने वाट अडवल्यामुळे ऑपरेशनआधी पूर्ण आतडं बघता आलं नसेल, तर वर्षभर थांबायचं नाही, तीन ते सहा महिन्यांतच.

व्यायामाबद्दल आता मोघम सांगायची गरज उरलेली नाही. 2025 मध्ये 889 रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. केमोनंतर तीन वर्षं आखीव, देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे 90 टक्के हयात होते, फक्त माहितीपत्रक दिलेल्यांपैकी 83 टक्के. आठवड्यातून तीन-चारदा 45 मिनिटं ते तासभर भरभर चालणं, म्हणजे पुण्यातल्या तळजाई टेकडीची एक फेरी, या हिशोबात बसतं. रमतगमत नव्हे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने.

राहिला घरच्यांचा हिशोब, तो रुग्णाच्या फाइलवरच लिहून ठेवा. रुग्णाला 46व्या वर्षी निदान झालं असेल, तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची पहिली कोलोनोस्कोपी 36व्या वर्षी. भाऊ आजच 50 चा असेल तर याच महिन्यात. गाठीच्या नमुन्यावर एमएमआर तपासणी (पेशींची जनुकातल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, ते पाहणारी) झाली आहे का तेही बघा. त्यातून लिंच सिंड्रोमची (घराण्यातून येणाऱ्या, या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकदोषाची) शंका आली आणि जनुकीय तपासणीत ती खरी ठरली, तर तोच जनुकदोष असलेल्या नातेवाइकांची दुर्बिणीची तपासणी बहुधा 20 ते 25 व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी सुरू करावी लागते. त्यात बहिणी आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्या, आणि त्यांना हा निरोप द्यायचा बहुतेक घरांत राहून जातो.